आईची सही

दिवस गेल्याचं आईने मला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि आई चव्वेचाळीस वर्षांची. घरात आम्ही तिघंच. पप्पा ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आणि आई डोंबिवलीत आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या बालवाडीत बाई. वयामुळे पाळी लांबतेय असंच ती धरून चालली होती. मळमळायला लागलं तेव्हा तिने आधी पित्ताच्या गोळ्या घेतल्या. मग ओळखीचं दुकान नको म्हणून स्टेशनपलीकडच्या मेडिकलमधून टेस्टची पट्टी आणली.

"दोन रेघा आल्यात," ती मान वर न करता म्हणाली.

मला आधी हसूच आलं. तिचा चेहरा पाहिल्यावर ते गिळलं. तिने जुडी संपवली, देठं कागदात गुंडाळली आणि मग सांगितलं की तिला हे नको आहे. पप्पांना अजून बोललेली नव्हती. मला सांगितलं, कारण मी कायदा शिकत होते आणि डॉक्टरकडे तिला एकटीला जायचं नव्हतं.

का नको, ते मी विचारलं नाही. थोडंफार माहीत होतं. माझ्यानंतर तिला एकदा दिवस गेले होते आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्यानंतर ती किती तरी महिने अंथरुणावर होती. त्यातून उठते तोवर आजोबांना अर्धांगवायू झाला. त्यांचं सगळं तिनेच केलं, अगदी शेवटपर्यंत. आत्ता कुठे ती जरा मोकळी झालेली. त्याच वर्षी स्कूटी शिकली होती आणि शाळा सुटल्यावर उगाच लांबच्या रस्त्याने घरी यायची. पण यातलं एकही कारण तिने दिलं नाही. एवढंच म्हणाली, "मला परत त्यातून जायचं नाही."

तिला भीती होती ती वेगळीच. हळू आवाजात तिने विचारलं की हा गुन्हा आहे का. रिक्षांच्या मागे, भिंतींवर भ्रूणहत्येच्या पाट्या वाचून तिच्या डोक्यात सगळं एकत्र झालं होतं. मी समजावलं की ते वेगळं. मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा, आणि मुलगी आहे म्हणून पाडणं तर गुन्हाच. पण नको असलेलं गरोदरपण डॉक्टरांकडे जाऊन थांबवायला आपल्याकडे कायदा आहे, आणि तो तिच्या जन्माच्याही आधीचा आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. कारणं ठरलेली आहेत. बाईच्या तब्येतीला धोका, मनावर ताण. गर्भनिरोधक फसलं तर तेही कारण धरतात. मी वर्गात उत्तर द्यावं तशी धडाधडा बोलत होते. इथपर्यंत आले आणि आपण कोणाशी काय बोलतोय ते एकदम लक्षात आलं.

"म्हणजे, तू आणि पप्पा काही..."

"तू कायदा सांग," आई म्हणाली. "बाकीचं राहू दे."

डोंबिवलीत डॉक्टर बघायचा प्रश्नच नव्हता. दर दुसऱ्या घरातलं पोर तिच्या बालवाडीत येऊन गेलेलं. मी ठाण्यातलं एक लहानसं हॉस्पिटल शोधलं. लोकलमधले वास तिला सहन होईनात, म्हणून रिक्षाने शीळफाट्याला गेलो आणि तिथून बस घेतली. ट्रॅफिक नेहमीसारखाच तुंबलेला. खिडकीशी बसून आई ओवा चघळत होती. मध्येच तिने विचारलं, की डॉक्टरांचं मत लागतं, मग माझं मत कुठे लागतं? मी म्हटलं, तुझी संमती लागते ना, लेखी. त्याशिवाय कोणी हात लावू शकत नाही.

तिने ओव्याची पुडी बंद केली. मग म्हणाली, "संमती म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्याला हो म्हणणं. इथे ठरवलंय तर मी."

अजूनही हा कायदा कोणाला समजावताना मी त्या वाक्यापाशी थोडी थांबते.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या बाईंनी नाव, वय विचारलं आणि काम कळल्यावर म्हणाल्या की मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल. मी याचीच वाट बघत होते. अठरा वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची, बापाची, कोणाचीही सही लागत नाही, हे मी जरा मोठ्यानेच सांगायला लागले. रांगेतल्या दोघी वळून बघू लागल्या. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे पुरे. बाई काही वाईट नव्हत्या. आमच्याकडे घेतात अशी पद्धत आहे, तुम्ही मॅडमशी बोला, म्हणाल्या.

मॅडम, म्हणजे डॉक्टर, आईच्याच वयाच्या निघाल्या. सही लागत नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. काउंटरवर परत बोलते, म्हणाल्या. सोनोग्राफी झाली. दहावा आठवडा चालू होता. गोळ्यांची मुदत उलटलेली, त्यामुळे छोटी प्रोसिजर करावी लागेल, सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. नाव कुठे बाहेर जाणार नाही. हे सगळं ऐकून आई मान डोलवत होती. पण तिचं काहीतरी राहिलंय हे मला कळत होतं. डॉक्टरांनाही कळलं असावं. त्या पेन ठेवून थांबल्या.

"त्याला दुखतं का?" आईने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "नाही. दुखणं कळायला मेंदूपर्यंत जी जोडणी लागते ती या महिन्यात झालेलीच नसते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, खरं तेच सांगतेय."

आईने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आणि मला?"

"तुम्हाला थोडं दुखेल."

आई हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. डॉक्टरही हसल्या. मला मात्र रडायला आलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात करणार तेवढ्यात आई म्हणाली, खोपटला जाऊ. मला वाटलं तिथून एसटी पकडायची असेल. तर म्हणाली, पप्पांना सांगायचंय. मी वैतागले. आत्ताच तर मी भांडून सिद्ध केलं की त्यांना विचारायची गरज नाही.

"म्हणूनच," ती म्हणाली. "परवानगी मागावी लागली असती तर मी त्याच्याकडे गेलेच नसते. आता मागायची नाही, नुसतं सांगायचंय. नवरा आहे माझा, त्याला कळायला नको?"

डेपोसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. पप्पा हाताला ग्रीस तसंच घेऊन आले, आम्हा दोघींना एकत्र बघून घाबरलेच. आईने चहा यायच्या आधी सगळं सांगितलं. दिवस गेलेत, कितवा आठवडा आहे, आणि तिने काय ठरवलंय. मी उठून जायला लागले तर तिने बसवून ठेवलं. पप्पा टेबलाकडे बघत होते. चहा आला, त्यावर साय धरली. त्यांनी एकदाच विचारलं, "ठेवायचं नाही का आपण?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. ते दुखावले होते, हे माझ्यासारखंच आईलाही दिसत होतं. पण तिने सारवासारव केली नाही आणि त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "डॉक्टर बाई आहे ना? मी सुट्टी टाकतो." मग ग्रीस न लागलेल्या दोन बोटांनी त्यांनी स्वतःची खारी बिस्किटं उचलून तिच्या बशीत ठेवली. तिला चहाबरोबर ती आवडतात.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गेलो. आईने कागदावर बालवाडीतल्या फळ्यावर काढते तशा गोल, सुट्या अक्षरात सही केली. शेजारची नवऱ्याच्या सहीची जागा कोरीच राहिली. आत जाताना तिने मंगळसूत्र काढून पप्पांकडे दिलं. ते त्यांनी खिशात न ठेवता मुठीत धरून ठेवलं, ती बाहेर येईपर्यंत. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी तांदळाची पेज केली. इतकी घट्ट, की आईने चमचा उभा करून दाखवला. तरी संपवली.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. तिची तब्येत लवकर सावरली, पण मध्ये एका संध्याकाळी ती देवासमोर बसून खूप रडली. मी विचारलं, पश्चात्ताप होतोय का. ती म्हणाली, नाही, वाईट वाटतंय, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. प्रोसिजरनंतर बालवाडीला तिने सुट्टी घेतली नाही. नव्या पोरांना तिच्या मांडीवर बसून रडायची सवय होती, त्यांना कोण घेणार, म्हणाली.

मला स्वतःला काय वाटत होतं ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. वर्गात मी बाईच्या निर्णयावर भाषण दिलं असतं, आणि माझं ते सगळं खरंही होतं. पण लहानपणापासून मला भावंड हवं होतं. त्या मेथीच्या दुपारनंतर मी मनातल्या मनात एक बहीण वाढवायला घेतली होती. तिला आईच्या स्कूटीवर पुढे उभी करून फिरवत होते. एका रविवारी आई माझ्या केसांना तेल लावत होती, तेव्हा पाठमोरी असल्याचा फायदा घेऊन मी तिला ते सांगून टाकलं.

तिचा हात थांबला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणूनच तुला काय हवंय ते विचारलं नाही. माझ्यासाठी तू भावंड नको म्हणाली असतीस, आणि ते तुझ्याकडून मला नको होतं."

मग तिने माझं डोकं मागे ओढून स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं. तेल तिच्या साडीला लागत होतं. मी उठायला गेले तर म्हणाली, राहू दे, धुवायचीच आहे.