पेठच्या वाटेवर एक चाक हवेत

गेल्या भाऊबीजेला आईने भावाऐवजी चंद्राला ओवाळलं होतं. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. मामा पेठच्या पलीकडे डोंगरात, पार थकलेला; त्यालाही नाशिकला येणं जमेना. यंदा मात्र तिने निक्षून सांगितलं, "मी जाणार. कोणाच्या गाडीतून, ते तुम्ही भांडून ठरवा."

आणि आम्ही भावांनी मनसोक्त भांडून घेतलं. माझी जीप जुनी, पुढे अख्खा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली. एकाला ठेच लागली की दुसरं कळवळतं, आणि आत बसलेला माणूसही. दादाच्या नव्या गाडीची पुढची चाकं सुटी, प्रत्येकाचं स्प्रिंग वेगळं. "तुझ्या खटाऱ्यात बसवून तिचं परत ऑपरेशन करायचंय का?" दादा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. राग तरीही आला.

सकाळी निघालो. आई दादाकडे; जीपमध्ये मी आणि फराळाचे डबे. जाणार असाल तर डिझेल नाशिकलाच भरा, पुढचा भरवसा नाही. सावळघाटात दादाची गाडी पाळण्यासारखी चढली, मागे माझं स्टिअरिंग थरथरत होतं. करंजाळीला गरम भजी खाताना आई अगदी ताजीतवानी दिसत होती.

पेठ सोडल्यावर थोड्या वेळाने डांबर संपलं. पावसाने कच्चा रस्ता तिरका कापून नेला होता, गुडघाभर ओघळ. दादाने गाडी घातली आणि ती कलंडल्यासारखी थांबली. पुढचं एक चाक हवेतच गरगरत राहिलं. खड्ड्याच्या तळापर्यंत ते पोचतच नव्हतं. आतून आई घाबरून ओरडली. दादाचा चेहरा पार उतरला. खरं तर खिजवायची हीच वेळ होती, पण मला वाईटच वाटलं. किती हौसेने घेतली होती त्याने!

जीपला दोर बांधून दादाची गाडी मागे ओढली. मग मी रिकामी जीप घालून पाहिली. एक चाक दगडावर चढलं तसं दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक खड्ड्यात दाबलं गेलं आणि जीप कण्हत पार झाली.

"आण ती गाडीतली गोधडी," आई म्हणाली, आणि दादाचा हात धरून ओघळ ओलांडून जीपमध्ये चढली. दादा गाडी तिथेच सोडून तिच्याशेजारी बसला, दोन्ही हातांनी तिची कंबर सावरत. प्रत्येक दगडाला "अरे हळू घे!" म्हणून तोच ओरडायचा. आईने सीटची कड घट्ट धरली होती.

मामा अंगणात पाट मांडून बसलेला. "आली का बाई? म्या म्हनलं, यंदा बी नाय येत."

ओवाळताना आईचा एक हात कमरेवरच होता. मला बघवेना, मी उगाच जीपचं बॉनेट उघडून उभा राहिलो. नंतर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी, मामी वाढतच होती.

घरी आल्यावर आई आठवडाभर शेक घेत पडून होती. दादाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून जास्तच लागलं. शेवटी मीच तिच्या उशाशी बसून विचारलं, "जीपमुळेच दुखलं ना गं?"

"कंबर काय, घरात बसूनही दुखतेच," ती म्हणाली. "घरात बसून भाऊ दिसतो का?"