शनिवारचे आठ तास

पाटणकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नसत. घराला वळसा घालून बाजूच्या भिंतीवरच्या विजेच्या मीटरपाशी जात, चष्मा कपाळावर सरकवत आणि काचेमागे फिरणाऱ्या चकतीकडे मिनिटभर टक लावून बघत. २००२ साली अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरमध्ये आम्ही भाड्याचं घर घेतलं आणि त्यांना जेवायला बोलावलं, तेव्हा आमची सहा वर्षांची सई ओरडत आत आली, "मॉम, देअर्स अ मॅन इन अवर यार्ड!" माझी बायको मेधा लाटणं हातात घेऊनच बाहेर धावली. सर शांतपणे म्हणाले, "नमस्कार. एसी चालू आहे, ओव्हन लावलायस आणि शिवाय कपड्यांचा ड्रायर. पाहुणे यायच्या वेळेला ड्रायर कशाला लावायचा गं?"

मेधा अजून म्हणते की इतका आगाऊ पाहुणा तिने जन्मात पाहिला नाही. पण त्या दिवशी सर चार तास बसले, तीन वेळा आमटी मागून घेतली, आणि निघताना तिनेच त्यांना डबा बांधून दिला.

सर मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी तिकडे वीज खात्यात होते. कुठल्या भागाची वीज किती वाजता घालवायची, याचं वेळापत्रक करायचं काम त्यांच्याकडे होतं. "मी टेबलाशी बसून कागदावर रेघ मारायचो," ते सांगत, "आणि तिकडे गिरणीवर बायांचे दळणाचे डबे तसेच पडून राहायचे. सात वर्षं रेघा मारल्या, रवी. त्यातलं एकही गाव पाहिलं नव्हतं." पुढे ते अमेरिकेत आले, डॉक्टरेट केली, आमच्या जवळच्या विद्यापीठात शिकवू लागले. मुलगा दूर कॅरी नावाच्या गावी, पत्नी वारलेली. घरी एकटेच असत आणि उन्हाळ्यातही एसी जेमतेम लावत, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं म्हटलं की सई आधीच कुरकुर करायची.

त्या विद्यापीठाने ऊर्जा अभ्यासाचं प्रमाणपत्र सुरू करायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी काय शिकावं यावर प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. सरांचं एकच होतं. आठ शनिवार विद्यार्थ्यांनी लोकांच्या घरी जायचं, तिथे बसायचं, मोजायचं आणि बोलायचं. बाकी काहीही शिकवा, पण हे सक्तीचं हवं. "आकड्याला घाम येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वर्गात ते इंग्रजीत म्हणत, माझ्यापाशी मराठीत, आणि दोन्हीकडे समोरच्याला ते किमान दहा वेळा ऐकावं लागे.

विद्यापीठाने हा विषय एक उन्हाळा करून बघायची परवानगी दिली. मीही एका शनिवारी सोबत गेलो. गावाबाहेरच्या ट्रेलर पार्कमध्ये, म्हणजे पत्र्याच्या फिरत्या घरांच्या स्वस्त वस्तीत, डोलोरेस नावाच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं घर होतं. आत भट्टी. विद्यार्थ्यांनी लॅपटॉप उघडून तासाभरात हिशोब मांडला: ऊन उतरल्यावर खिडक्या उघडल्या आणि पंखा लावला तर एसी किती तरी कमी लागेल. एका मुलीने ते बाईंना छान समजावून सांगितलं. बाई मान डोलावत होत्या. सरांनी एवढंच विचारलं, "मॅम, तुम्ही खिडकी का नाही उघडत?" बाई म्हणाल्या, खिडकीची कडी मोडलीय, एकदा उघडली की परत लागत नाही, आणि मी एकटी असते. त्या मुलीने लॅपटॉप हळूच मिटला. पुढल्या शनिवारी ती कडी आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. परत येताना गाडीत सर मला म्हणाले, "आता हे कुठल्या पुस्तकात घालू, सांग."  शिक्षण म्हणजे हेच, याबद्दल त्या दिवशी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सल्लागार समितीवर आसपासच्या कंपन्यांची माणसं होती. आमच्या कंपनीतून दोघं, माझा मॅनेजर ग्रेग आणि मी. ग्रेग समितीचा अध्यक्ष होता. माझ्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर सहीदेखील त्याचीच होती. त्या वर्षांत कार्डाची वाट बघणारे आम्ही सगळेच एका धाकात जगत होतो. नोकरी बदलायची नाही, बढतीचं नाव काढायचं नाही आणि साहेबाच्या विनोदाला वेळेवर हसायचं. ग्रेग माझ्याशी कधी आवाज चढवून बोलल्याचं आठवत नाही. पण घाबरायला तेवढं कशाला लागतं?

समितीच्या बैठकीच्या आदल्या दिवशी सरांचा फोन आला. "भाषण करू नकोस रे. तू मुलांचे इंटरव्ह्यू घेतोस ना? तुला कसा मुलगा हवासा वाटतो, तेवढं सांग."

"हो सर, नक्की. डोंट वरी."

बैठकीत ग्रेगने आपलं मत आधीच मांडलं. सक्तीचं हवं ते वीजवापराचे हिशोब मांडणारं मॉडेलिंग सॉफ्टवेअर आणि फायनान्स. घरभेटी छान आहेत, पण शनिवारी कोण येणार? मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "रवी, व्हॉट डू यू थिंक?" समोर सर बसले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मी म्हणालो, "आय थिंक बोथ हॅव व्हॅल्यू. मे बी मेक इट ऑप्शनल?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. अशा उत्तराची आपल्याला लहानपणापासून सवय असते, कुणालाच दुखवायचं नाही. पार्किंगमध्ये सर मला म्हणाले, "बरं झालं, पार काढून तरी नाही टाकला." मला खरंच वाटलं की मी त्यांचा विषय वाचवला.

ऐच्छिक ठरलेल्या त्या विषयाला पहिल्या वर्षी तीन विद्यार्थी आले, दुसऱ्या वर्षी एक. एकासाठी वर्ग भरवता येत नाही, तो कॅन्सल केला. सर त्या एकाला घेऊन आठही शनिवार गेले, विद्यापीठाच्या नोंदीत नसताना. मला ते कळत होतं आणि मी काहीही करत नव्हतो.

२००७च्या शेवटी माझं कार्ड आलं. पुढच्या वसंतात सर घर विकून मुलाकडे कॅरीला निघाले. सामान बांधायला मी गेलो, आणि खोक्यांना टेप लावता लावता एकदाचं बोललो. "सर, त्या दिवशी मी ग्रेगला घाबरलो होतो."

"ठाऊक होतं मला," सर म्हणाले. "रेघा मारताना मीही साहेबांना घाबरायचो." थोडा वेळ त्यांनी पुस्तकं रचली. "आता कार्ड आलं ना? आता कुणाला घाबरतोस?"

कार्ड येऊन पाच महिने झाले होते. त्यात समितीची एक बैठक होऊन गेली होती, आणि तिच्यात मी कॉफी पिऊन परत आलो होतो. मी टेप लावत राहिलो. सरांनी पुन्हा विचारलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

शरद ऋतूत कॅरीहून त्यांच्या मुलाचा फोन आला. सर झोपेतच गेले होते.

त्यानंतरच्या बैठकीत मी हात वर केला. तळव्यांना घाम फुटला होता. घरभेटी सक्तीच्या कराव्यात, मी म्हणालो, आणि त्या का हव्यात ते सगळं सांगितलं. डोलोरेसबाई, खिडकी, ती कडी आणलेली मुलगी. माझं बोलून झालं तेव्हा ग्रेग विरोध करेल म्हणून मी वाट बघत होतो.

"शुअर," तो लगेच म्हणाला. "ग्रेट आयडिया, रवी. तू आधीच का नाही बोललास?" कुणाचाच विरोध नव्हता. दोन मिनिटांत ठराव झाला. ग्रेगने तो लिहून घेतला आणि वर पाहून विचारलं, "पण हा विषय आता शिकवणार कोण?"