डोरथीबाईंची जजशिप

दोहात खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ जमतेच. डोरथीबाईंचे किस्से माझ्याकडे असेच जमले. मी काही ते गोळा करायला बसले नव्हते! पण सत्तर-ऐंशीच्या त्या वर्षांत दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या अमेरिकन बांधकाम कंपनीच्या ऑफिसात दोन बायका वकील होत्या, आणि ते कुणाला खरंच वाटायचं नाही. मग दुसरं काय होणार?

त्यातल्या एक डोरथीबाई. कंपनीच्या लीगल ॲडव्हायझर. पन्नाशी उलटलेल्या, उंच, बिनलग्नाच्या. तिकडे अमेरिकेत त्यांच्या राज्यात कोर्टात उभं राहून खटले चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी. दुसरी मी. नाशिकच्या कोर्टात सहा वर्षं वकिली केलेली, आमच्या ह्यांच्या नोकरीपायी इथं आलेली, आणि कंपनीच्या कागदोपत्री 'टायपिस्ट'!

डोरथीबाईंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपल्या गावच्या कोर्टात जजच्या खुर्चीत बसायचं. दोनदा अर्ज केला होता, दोनदा 'नाही' आलं होतं. तिसरा अर्ज त्या दोहातून करणार होत्या आणि तो टाइप मी करणार होते.

*

मी लागले त्याच आठवड्यात लंडनहून एका कॉन्ट्रॅक्टरचे वकील आले. खोलीत डोरथीबाई, मी, आणि फायलींचे खोके घेऊन आलेला आमचा ड्रायव्हर कदम. साताऱ्याकडचा. थंडीचे दिवस म्हणून बिचाऱ्यानं कोट घातला होता.

लंडनवाले सरळ कदमकडे गेले, हात पुढे केला, "आपण लीगल ॲडव्हायझर ना?"

कदम घाबरला नाही की गोंधळला नाही. डोरथीबाईंकडे बोट दाखवून म्हणाला, "साब, मैं गाडी देखता हूँ. कायदा वो मॅडम देखती हैं."

लंडनवाले लाल झाले. डोरथीबाईंना म्हणाले, "सॉरी, सॉरी! मग कॉफी सांगता का जरा?"

बाहेर पडल्यावर कदमनं मला गाठलं. "वैनी, ह्या मान्सास्नी दिसत न्हाई व्हय?"

*

डोरथीबाईंच्या लॉ कॉलेजात वर्गात दीडशे मुलगे आणि तीन मुली. एक प्रोफेसर मुलींना वर्षात फक्त एकच दिवस प्रश्न विचारायचे. त्या दिवशी इतर वर्गांतली मुलंही मजा बघायला येऊन बसायची. उरलेलं वर्षभर मुलींनी हात वर केला तरी सरांची नजर डोक्यावरून पलीकडे!

तर तो दिवस उजाडला. सरांनी एक सोपी केस विचारली. डोरथीबाई उठल्या आणि ती केस सांगितली. मग तिच्या पुढची. मग तिच्याही पुढची. तास संपत आला तरी बाई उभ्याच. सर म्हणाले, "मी एवढं विचारलं नव्हतं."

"उद्या तुम्ही विचारणार नाही, म्हणून आजच सांगून टाकते."

हे ऐकून मी पोट धरून हसले. मग मला माझी नाशिकची पहिली तारीख आठवली. काळा कोट, पांढरे बँड, हातात वकीलपत्र, आणि जजसाहेब मला विचारतात, "बाई, तुमचे वकील कुठायत?"

मी हे सांगितलं तेव्हा डोरथीबाई मात्र हसल्या नाहीत. "म्हणून मला त्या खुर्चीत बसायचंय," म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

*

मीटिंगला आठ पुरुष आणि एक डोरथीबाई असल्या, की आमचे टेक्सासचे मॅनेजर टॉमसाहेब दर वेळी म्हणायचे, "डोरथी, मिनिट्स तू लिहून घेतेस ना?" आणि ही बाई मुकाट्यानं वही उघडायची! माझा नुसता संताप व्हायचा.

"तुम्ही का लिहिता? टायपिस्ट मी आहे ना? द्या इकडे!"

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "ती वही मी कुणालाही देणार नाही."

एकदा कॉन्ट्रॅक्टरची माणसं तीन तास भांडली. बाई अवाक्षर न बोलता लिहीत होत्या. मी टाइप केलं, सगळ्यांनी न वाचताच सह्या ठोकल्या, 'यल्ला', चला चला, म्हणत जेवायला गेले. महिन्यानं तीच माणसं परत आली आणि टेबलावर मुठी आपटत म्हणाली, कामाला उशीर झाला तो तुमच्यामुळे! डोरथीबाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर 'आमची यंत्रं उशिरा पोचली' हे त्यांच्याच साहेबांचं वाक्य, आणि खाली त्यांचीच सही. खलास!

टॉमसाहेब बेहद्द खूश. म्हणाले, "डोरथी, तू मिनिट्स फार सुंदर लिहितेस!"

*

जजच्या अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि त्यातलं एक तरी विरुद्ध बाजूच्या वकिलाचं हवं असतं. डोरथीबाईंनी त्याच लंडनवाल्यांकडे मागितलं. त्यांनी लिहिलं, 'दोन वर्षं मी ह्यांच्याविरुद्ध लढतो आहे. एकदाही जिंकलेलो नाही. स्वभावानं अत्यंत गोड बाई आहेत.'

टॉमसाहेबांनी लिहिलं, 'डोरथी ऑफिसातल्या सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवते.'

वाढदिवस मी लक्षात ठेवायचे!

*

निवड समितीची मुलाखत फोनवर झाली. दोहात संध्याकाळचे सात, तिकडे सकाळ. डोरथीबाईंनी मला समोर बसवलं होतं, आणि फोनमधला आवाज इतका खणखणीत होता, की मला सगळं ऐकू येत होतं. तीन म्हातारे बोलत होते.

पहिला म्हणाला, "कोर्टात फार घाणेरडी भाषा कानावर पडते."

"मी बांधकाम कंपनीत काम करते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्यानं विचारलं, खुनाच्या खटल्यातले फोटो बघवतील का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला बघवतात का?"

मग चेअरमन. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाईमाणूस हळवं असतं. निकाल देताना तुम्हाला रडू आलं तर?"

मी पेन्सिल मोडली, खरंच सांगते! डोरथीबाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या दोन्ही वेळा तुम्ही 'नाही' म्हणालात, तेव्हा मी रडले नाही. ह्या वेळी 'हो' म्हणून बघा."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "मिसेस के, आता चौथ्यांदा नाही हं माझ्याच्यानं," म्हणाल्या. 'करंदीकर' त्यांना कधीच जमलं नाही. इथली सवय म्हणून तोंडातून "इन्शाल्ला" निघालं.

*

टेलेक्स आला तो मशीनवरून मीच फाडून घेतला. नेमणूक झाली होती! मी ऑफिसात किंचाळले. कदम धावत जाऊन हलवा घेऊन आला आणि दिसेल त्याच्या हातावर ठेवत सुटला. "आमच्या बाईसायेब जज झाल्या! घ्या, खावा!"

टॉमसाहेबांनी डोरथीबाईंचा हात हातात घेतला, अभिनंदन केलं. मग माझ्याकडे वळले. "आता हिच्या जागी वकील शोधायला हवा. मिसेस के, जाहिरात टाइप करता का?"

केली की! आणि त्याच मशीनवर, त्याच दिवशी, जाहिरातीला आलेला पहिला अर्जही टाइप केला. डोरथीबाईंनी हेड ऑफिसशी भांडून मला ती जागा मिळवून दिली. पगारपत्रकावर मात्र मी आणखी वर्षभर 'टायपिस्ट'च!

*

शपथविधीचं सूचनापत्रक आलं. छापील, जुनं. त्यात लिहिलं होतं, 'न्यायाधीशांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसतील आणि शपथ झाल्यावर त्यांना काळा झगा चढवतील.' डोरथीबाईंनी पत्र लिहून विचारलं, की मला पत्नी नाही, तर काय करायचं? उत्तर आलं, 'पत्रक नेहमीचंच आहे. प्रसंगी पाहू.'

नेमकी त्याच सुमारास सुट्टी घेऊन मी माझ्या भावाकडे अमेरिकेत गेले होते. भावानं गाडीनं कोर्टापाशी नेऊन सोडलं. हिरवा शालू नेसून मी कोर्टात शिरले, तर खुर्च्या सगळ्या भरलेल्या. पहिल्या रांगेत मधोमध एकच रिकामी. तिच्यावर छापील कार्ड, 'न्यायाधीशांच्या पत्नी'. कुणी काही पाहिलं नव्हतं!

वर व्यासपीठावर उभ्या असलेल्या डोरथीबाईंनी त्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन बसले.

कोर्टाचा माणूस लगबगीनं आला, वाकून कुजबुजला, "मॅडम, ही जागा न्यायाधीशांच्या पत्नीसाठी राखीव आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यानं हातातली यादी पाहिली, शालू पाहिला, पुन्हा यादी पाहिली, आणि मागे जाऊन उभा राहिला. शपथ झाली. आता झगा. सगळं कोर्ट त्या खुर्चीकडे बघायला लागलं.

मी पदर खोचला आणि उठले.