दोराचं पुढचं टोक

फेब्रुवारीत इथे सरकारी खेळदिवस असतो. सगळ्या देशाला सुट्टी. एरवी गाडीतून खाली न उतरणारी माणसंही त्या दिवशी बूट घालून चालताना दिसतात, आणि आम्हा कामगार लोकांचे सामने लागतात. आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपची रस्सीखेच इलेक्ट्रिशियन लोकांशी ठरलेली. मी कतारला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्या दोराचा शेवटचा गडी मीच. दोर कमरेला गुंडाळायचा, टाचा वाळूत रोवायच्या आणि मागं रेलायचं. मी शाळा चौथीतच सोडली, पण या एका जागेवर मला कुणी अक्कल शिकवलेली मी खपवून घेत नाही.

मागच्या खेपेला मात्र ऐन ओढीत माझा दम संपला. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी मटकन खाली बसलो. दोर पुढं गेला, त्याच्याबरोबर मीही बसल्या बसल्या घसरत गेलो. इलेक्ट्रिशियन नाचायला लागले. मी म्हटलं, बूट घसरला. सगळ्यांनी लगेच हो हो म्हटलं. ते हरण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढं नोव्हेंबरात फोरमन टीम ठरवायला बसला. हा केरळचा, माणूस चांगला आहे. मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "चाचा, इस बार आप आराम करो. पानी बाँटो सबको."

"पानी? मैं?"

"उमर हो गया, चाचा."

"मेरी उमर तेरे को किसने बताई? जनवरी में ट्रायल ले. नहीं जमा तो पानी क्या, चाय भी बाँटूँगा."

बोलायला बोलून गेलो. खोलीवर आलो तर दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच कठडा धरून उभा. बुटाची नाडी बांधायला वाकलो की पोट आडवं यायचं आणि श्वास कोंडायचा. साखरेची गोळी चालू होतीच. डॉक्टर दर वेळी सांगायचा, चाला. मी दर वेळी मान हलवायचो आणि बाहेर येऊन टॅक्सी बघायचो. त्याच्या सांगण्यानं जे झालं नाही, ते फोरमनच्या त्या पाण्यानं झालं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो, तोंड धुतलं आणि चालायला निघालो.

आमच्या खोलीत पॉलिशवाला राहतो. बीडकडचा, माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी लहान आणि पोटानं माझ्याहून मोठा. कॉटवर पडून मोबाईल बघता बघता म्हणाला, "मामा, दिवसभर शॉपमधी उभंच असतोत की आपण. आणखी कशामुळं चालायलात?"

"तुला पाणी वाटायला बोलावलं म्हणजे कळंल."

पहिले काही दिवस कामाचेच बूट घालून चाललो. पुढं लोखंड असतं त्यात. म्हटलं, बूट तो बूट. पायाला फोड आले तरी कुणाला सांगितलं नाही, पॉलिशवाल्याला तर नाहीच. मग गुपचूप हलके बूट घेतले आणि जुने फाटले म्हणून सांगितलं.

आम्ही अल रय्यानच्या एका गल्लीत राहतो. तिथून मोठ्या रस्त्याला लागलं की बऱ्याच अंतरावर एक करकचं दुकान आहे. करक म्हणजे इथला चहा, डब्यातलं दाट दूध आणि वेलची घालून उकळलेला, गोडमिट्ट. रोज तिथपर्यंत जायचं आणि परत यायचं असा मी नेम धरला. महिना होत आला तरी पट्ट्याचं भोक काही सरकेना. रात्रीची चपाती कमी केली, भात सोडला, तरी पोट जागच्या जागी.

एकदा तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. मंडळींना दाखवावं म्हटलं, आपण किती लांब येतो ते. आमच्या हिला गावाकडं अजून दिवसभर बसायला फुरसत नसते. ती कौतुक करील असं वाटलं होतं.

"हातात काय हाय?" तिनं आधी तेच विचारलं.

"चहा."

"आन् त्यो बाकड्यावर रिकामा कप?"

"तो पोचल्यावरचा. हा निघतानाचा."

"रोज?"

"मग! इतकं चालतो मी."

"अवो, मग तुमी चालाय जाताय का चा प्याय?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय, आणि फोन ठेवून दिला. आवाज चांगला स्वच्छ येत होता. दोन दिवस मी घरी फोन केला नाही. एवढा शहाणा माणूस, चपाती मोजतो आणि चहा पोटात जातोय हे धरतच नाही. चहाला कुणी खाणं म्हणतं का, असं मी मनात भांडत राहिलो. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मोठ्या रस्त्याकडं न वळता उलट्या बाजूला वळलो.

तिकडं काहीच नाही. बंगल्यांच्या लांबच लांब भिंती, मग मोकळा प्लॉट, त्याच्या टोकाला मशीद. दुकान नाही, बाकडं नाही. पहिले दिवस चहावाचून डोकं असं दुखलं की कुणी नुसती हाक मारली तरी खेकसायचो. पण थंडीचे दिवस होते, वारा चांगला सुटायचा, आणि न थांबता चालल्यामुळं पाय आपोआप लांब पडायला लागले. एका भिंतीवरून बोगनवेल बाहेर आली होती, तिच्यापर्यंत आधी धाप लागायची. मग ती मशिदीपाशी लागायला लागली. मग लागायचीच बंद झाली. नाडी बांधताना आता मी मुद्दाम सावकाश बांधायचो, कुणी बघत असलं तर.

सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपच्या मागच्या वाळूत माल ठेवायच्या लाकडी पॅलेटला दोर बांधून ओढायचो. वजन म्हणून पॉलिशवाल्याला बसवायचं. तो मोबाईल घेऊन बसायचा आणि मी त्याला ओढायचो.

"मामा, जरा सावलीकडं घ्या," असं वर म्हणायचा.

घरच्या फोनवर आता उलटं सुरू झालं. "तोंड किती उतरलंय! जेवाय घालत न्हाईत व्हय तिथं?" या बाईला कशानं बरं वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. पण मला बरं वाटलं.

जानेवारीत ट्रायल झाली. मी शेवटच्या टोकाला उभा राहिलो, दोर कमरेला घेतला. ओढ लागली. दम टिकला, पाय टिकले, छाती भरली नाही. पण मी सरकायला लागलो. टाचा रोवलेल्या, तरी वाळूतून नांगर चालावा तसा पुढं चाललोय. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

फोरमन म्हणाला, "चाचा, दम तो जबरदस्त है. वजन चला गया." आणि माझ्या जागेवर पॉलिशवाल्याला उभा केला. तो नुसता मागं रेलला आणि खांबासारखा राहिला. ज्याला मी दर सुट्टीला वाळूतून ओढलं, तो.

मी निघालोच होतो. इतक्या कष्टानं जे घालवलं, त्याच्याबरोबर जागाही गेली म्हटल्यावर कुणाशी भांडायचं?

"चाचा, किधर? आप आगे. सबसे आगे."

पुढं नेहमी नव्या पोरांना लावतात. मला तो अपमान वाटला. पॉलिशवाला मागून ओरडला, "मामा, उभं तर राहून बघा. मागं मी हाव ना!" त्याला टाचा कशा रोवायच्या ते मला विचारावंच लागणार होतं, म्हणून मी थांबलो. आधी त्याला नीट शिकवलं, मगच पुढं गेलो.

खेळदिवशी उन्हं कोवळी होती. दोर उचलला आणि मला पहिल्यांदा समजलं, इतकी वर्षं मी आपल्याच गड्यांच्या पाठी बघत आलो होतो. आता समोर इलेक्ट्रिशियनांचा पहिला गडी, एक दांडगा पंजाबी, त्याचे दात, त्याच्या मानेच्या शिरा, सगळं हाताच्या अंतरावर. पहिली ओढ त्यांनी जिंकली, दुसरी आम्ही. तिसरी लांबली. दोर जागचा हलेना. मी त्या पंजाब्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याचं तोंड उघडलं, खालचा ओठ लटकला, नजर फिरली. हे मला ओळखीचं होतं. मागच्या वर्षी माझंच तसं झालं होतं. त्याच्या लोकांना अजून पत्ता नव्हता.

"यल्ला! चलो, खींचो!" मी ओरडलो. आमची सगळी रांग एकदम मागं रेलली आणि दोर आला.

पुढच्या सामन्यात ड्रायव्हर लोकांनी आम्हाला सहज ओढून नेलं. पण मी उभ्यानं हरलो, बसून नाही.

दोर गुंडाळताना फोरमन जवळ आला. "चाचा, अगले साल थोड़ा वजन बढ़ाओ, फिर पीछे लेता हूँ."

"पीछे से कुछ दिखता नहीं. आगेवाली जगह मेरी."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. इथं त्याचा अर्थ 'बघू' असाही होतो.

मी म्हटलं, इन्शाल्ला नंतर, आधी तू हो म्हण. तो हसला, आणि सगळ्यांच्या देखत हो म्हणाला.