दार वेळेवर लागलं पाहिजे

"दार उघडणं सोपं असते, ते वेळेवर लागलं पाह्यजे," असं म्हणत आमच्या राळेगावच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडम हवेतच कडी लावायच्या.

मी शेजारच्या वर्गात इतिहास शिकवायचो. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझ्या पानिपतात त्यांचा सोडियम हमखास घुसायचा. मज्जापेशीच्या भिंतीला म्हणे बारीक दारं असतात. विजेचा जरासा बदल झाला की ती उघडतात, सोडियम आत शिरतो, त्यानं पुढचं दार उघडतं, आणि निरोप पळत सुटतो. उघडलेलं दार मात्र लगेच लागतं. नाही लागलं तर? "मग गोंधळ," मॅडम म्हणायच्या. माझ्या पोरांना पानिपतापेक्षा हेच जास्त पाठ होतं.

एकदा अकरावीतली एक मुलगी व्हरांड्यात फिट येऊन पडली. मी धावलो. अशा वेळी आपल्याकडे चप्पल हुंगवतात, तुम्हीही पाहिलं असेल. त्या दिवशी मी नेमके लेसचे बूट घातलेले. गाठ सुटेना. एक बूट हातात घेऊन लंगडत पोचलो, तोवर मॅडमनी मुलीला कुशीवर वळवलं होतं आणि फिट किती वेळ टिकते ते त्या घड्याळात बघत होत्या.

"सर, बूट घालून घ्या. तिले हवा येऊ द्या."

दोन दिवसांनी तिचे वडील स्टाफरूममध्ये आले, तिचं नाव कॉलेजातून काढायला.

"डॉक्टरनं गोळी देल्ली, मॅडम. पण लोकं काय म्हणतीन? घरीच राहू द्या तिले."

"भाऊ, तिच्या डोक्यातले दारं जरा जास्तच उघडून राह्यले. गोळी त्यायले आवरते. पोरगी हुशार आहे."

"तुमाले बोलाले काय जाते? ज्याच्या घरी असते त्यालेच समजते."

मॅडमनी पर्स उघडली. आतली गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "हेच आहे ना? कॉलेजात शिकत होती तवापासून घेऊन राह्यली मी."

मी बारा वर्षं त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्लेला माणूस. मला फक्त त्यांच्या भाजीत मीठ कमी असतं एवढंच माहीत. संध्याकाळपर्यंत हे गावभर होणार, हे त्यांनाही कळत होतं. तरी पट्टी त्यांनी लगेच उचलली नाही.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. निरोपाच्या भाषणात मी सगळं बोललो, त्या पट्टीचं सोडून.

त्या मुलीचे वडील मात्र तेव्हा पुढच्याच सोमवारी तिला सायकलवर बसवून घेऊन आले होते. तिला वर्गात धाडलं आणि मॅडमच्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, तुमी जेवणाच्या आधी घेता का मंग?"

"जेवल्यावर," मॅडम म्हणाल्या. "बसा भाऊ, चहा येऊन राह्यला."