न केलेला अर्ज

सिंगापूरला आली तेव्हा चैत्राली दीड वर्षाची होती. यिशुन भागातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती चालायला शिकली, दोन ब्लॉक पलीकडच्या शाळेत गेली, तिथल्या नेटबॉल संघाची कप्तान झाली. कागदोपत्री मात्र ती परकीच राहिली. वडील विलास चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत आयटी मॅनेजर. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, त्यांचा. आई सुलभा, चैत्राली आणि धाकटा अमेय त्या पासच्या आधाराने राहणारे.

कायम राहण्याचा परवाना, म्हणजे पीआर, का नाही, असं कुणी विचारलं की विलासचं उत्तर ठरलेलं असे. "तीनदा अर्ज केला. तीनदा नाकारला. काय करणार?"

चैत्रालीला त्यांची कीव यायची. म्हणून ती घरी हा विषयच काढत नसे.

बारावीनंतर तिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळाला. तिच्याच वर्गातल्या मैत्रेयीलाही मिळाला. मैत्रेयी पीआर होती. दोघींनी फोन शेजारी शेजारी धरून पत्रं वाचली. अभ्यासक्रम तोच, इमारत तीच, पण चैत्रालीच्या नावापुढे 'परदेशी विद्यार्थिनी' लिहिलेलं आणि फी मैत्रेयीच्या दुपटीहून जास्त.

"पुण्याला जा की," विलास म्हणाले. चैत्रालीने चौकशी केली. राज्याच्या कोट्यातली जागा हवी तर दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेली हवी. म्हणजे तिथेही ती बाहेरचीच.

मग तिने फी कमी करावी म्हणून विद्यापीठाला विनंतीपत्र लिहायचं ठरवलं. सोबत नकाराची तिन्ही पत्रं जोडायची होती. "आता कुठे सापडणार ती?" असं म्हणून विलास फोनवर बोलत बाल्कनीत गेले. तेव्हा ती मैत्रेयीच्या बाबांकडे, पद्माकरकाकांकडे गेली. ते मरीन इंजिनिअर, विलासचे जुने मित्र. त्या आठवड्यात जहाजावरून घरी आलेले.

"नकार? कसला नकार?" काका गोंधळून म्हणाले. "अगं, आम्ही दोघं एकत्रच फॉर्म भरायला बसलो होतो. अमेयचं नाव घालायची वेळ आली आणि विलासने लॅपटॉप मिटला. मुलगा पीआर झाला की त्याला मोठेपणी दोन वर्षं आर्मीत जावंच लागतं ना. त्यानंतर त्याने अर्ज केलाच नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

चैत्राली चहा तसाच टाकून उठली.

घरी तिने विचारलं तेव्हा विलासनी ते नाकारलं नाही. "अमेयची दोन वर्षं वाया गेली असती."

"त्याला वगळून अर्ज करता आला असता."

"आपल्याला एकट्याला वगळलं, असं त्याला वाटलं असतं."

"त्याला काय वाटेल, याचा विचार केलात," चैत्राली म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, तुला माहीत होतं?"

सुलभा मेथी निवडत होती. हात थांबले, पण मान वर आली नाही. "तू हुशार आहेस गं. तुझं कुठेही होईल, असं वाटलं."

बारा वर्षांचा अमेय दारात उभा होता. "मला कोणी विचारलंच नाही, lah," तो नेहमीच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला आणि रडायला लागला. चैत्रालीने त्याला जवळ घेतलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. अर्ज खरंच नाकारला गेला असता तर तिने सोसलं असतं. पण तीन नकार बाबांनी बसून रचले होते, आणि ती इतकी वर्षं त्यांचीच कीव करत आली होती.

फिजिओथेरपीची जागा तिने सोडली नाही. परदेशी विद्यार्थ्याला फीत सरकारी सवलत मिळते, पण पुढे तीन वर्षं इथेच नोकरी करण्याचा करार करावा लागतो आणि दोन जामीनदार लागतात. विलास पेन घेऊन पुढे आले.

"नको," ती म्हणाली. "पद्माकरकाका आणि मैत्रेयीची आई, संजीवनीकाकू, सही करताहेत."

ती हॉस्टेलवर राहायला गेली. दर रविवारी अमेयला हॉकर सेंटरवर, तिथल्या स्वस्त खाण्याच्या ठेल्यांवर, जेवायला न्यायची. घरी सणावारीच जायची. वडिलांशी बोलायची, पण विचारलं तेवढंच.

यंदा मार्चमध्ये विलासनी तिचे दाखले मागितले आणि चौघांचा पीआरसाठी अर्ज केला, अमेयसकट. पोचपावतीचा फोटो त्यांनी तिला पाठवला. चैत्रालीने तो मोठा करून पाहिला. तारीख वाचली, चारही नावं वाचली, मग अर्जाचा क्रमांक घेऊन वेबसाइटवर स्वतः तपासला. क्रमांक खरा होता. तिने फोन पालथा ठेवला आणि उत्तर लिहिलं नाही.