एक कोलशेत, आणि मागच्या सीटवर मी

डोंबिवली ते कोलशेत या प्रवासावर कोणी ब्लॉग लिहीत नाही. मी लिहितेय, कारण सकाळपासून माझं डोकं फिरलंय आणि नवरा म्हणाला, "माझ्यावर ओरडण्यापेक्षा लिहून काढ."

सई, माझी लेक, एकोणीस वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली आणि त्यानंतर ती घरी बसून मालिका बघत राहिली. आम्ही गेल्यावर हिचं काय, या विचाराने माझी झोप उडाली. मग कोलशेतची एक कार्यशाळा सापडली. तिथे ही मुलं मसाले आणि चकल्या पॅक करतात, महिन्याचा पगार घेतात. अट एकच, मुलाने स्वतःचं स्वतः यायचं.

तिथल्या बाई भारी कडक. सुरुवातीच्या फेऱ्यांना आईने त्याच बसमध्ये बसायचं, पण लांब, आणि ओळख दाखवायची नाही. मुलाने वळून पाहिलं तर आपण खिडकीबाहेर बघायचं. खरोखरच धोका असेल तरच तोंड उघडायचं. आज अशी शेवटची फेरी होती.

कोणाला जायचं असेल तर सांगते. डोंबिवलीतच इडली खाऊन निघा, पुढे धड काही मिळत नाही. गर्दी ओसरल्यावरची गाडी पकडा. ठाणे पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या वरच्या पुलावरून बस सुटते. कोलशेतची बस कुठे लागते हे विचारलंत तर प्रत्येक जण वेगळी जागा दाखवतो आणि सगळे अगदी ठामपणे. सईने मात्र पाटी वाचली आणि बरोबर बसमध्ये चढली. मी चार माणसांमागून चढले, मागच्या सीटवर बसले.

कंडक्टर आला. सईला वाक्य जुळवायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ या जगात कोणाकडेच नाही.

"बाळकुम द्या हिला," शेजारचे इस्त्रीच्या शर्टातले काका म्हणाले. "तिथे अशा मुलांची शाळा आहे." पैसेही त्यांनीच दिले. सईच्या मुठीतले तिच्या मुठीतच राहिले.

मग बसमधली सभा सुरू झाली. "एकटी कशी सोडतात हो?" पुढची बाई म्हणाली. "आई नोकरीला जात असेल, दुसरं काय!" टोपली घेऊन बसलेल्या कोळणीने सईचा गाल कुरवाळला. "आयस कुटं हाय गो तुजी?" आयस मागे खिडकीबाहेर बघत दात ओठ खात होती. कापूरबावडीला मेट्रोच्या कामापाशी बस अडकली, तोवर माझा पूर्ण उद्धार झाला होता.

बाळकुम आलं. काकांनी बस थांबवायला लावली आणि सईचा दंड धरला. "चल बाळ, उतर."

सईने दांडा घट्ट धरला. "माझा स्टॉप नाही."

"अगं हाच आहे. घाबरू नको."

त्यांनी ओढलं. मग मात्र माझ्याच्याने राहवेना. "अहो, हात सोडा तिचा!" मी ओरडत उठले.

"तुम्ही कोण?" काका माझ्यावरच उखडले.

मी कोण ते सांगणार, एवढ्यात सई वळली. माझ्याकडे सरळ पाहिलं, ओळखीची एक रेषसुद्धा चेहऱ्यावर नाही. "काकू, तुम्ही बसा खाली." मग कंडक्टरकडे वळून, घरी घोकलेलं वाक्य एका दमात, "मास्तर, एक कोलशेत!" आणि मूठ उघडली.

काकू खाली बसल्या. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि काकांना म्हणाला, "जाऊ द्या ना साहेब, तिला माहितीये." कोलशेतपर्यंत मला रडू आवरताना नाकी नऊ आले.

कार्यशाळेच्या दारात बाईंनी विचारलं, "मध्ये पडलात का?"

"पडले," मी म्हटलं.

"आई नव्हतीच, बाई," सई म्हणाली. "एक काकू ओरडली."

बाई हसल्या. "सई पास. तुम्ही नापास. उद्यापासून ती एकटी येईल."

येताना तिथल्या चकलीचं पाकीट घेतलं. जरा तिखट आहे, पण खुसखुशीत. त्या काकांचा राग अजून गेलेला नाही. वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. आणि आता डोक्यात एकच घोळतंय, उद्या असाच कोणी भला माणूस भेटला आणि मागे मी नसले तर?

तेच मघाशी सईला विचारलं. ती चकली खात होती.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "काकू लोक बसमध्ये फार बोलतात."